निळ्या बाटलीची सारी भिस्त पेट्रोलच्या नळीवर

मोटारींच्या शर्यतीवरील चित्रपटांत हा प्रसंग ठरलेलाच असतो. दोन गाड्या शेजारी शेजारी धावत असतात, नायक स्टिअरिंगवरचे बटण दाबतो आणि क्षणार्धात त्याची गाडी बाणासारखी पुढे निघून जाते. डिकीतल्या निळ्या बाटलीवर कॅमेरा हमखास रेंगाळतो. 'द फास्ट अँड द फ्युरिअस' हा चित्रपट २००१ मध्ये झळकला आणि 'नॉस' हा शब्द जगभरातील तरुणांच्या तोंडी बसला. आपल्याकडेही कॉलेजच्या कट्ट्यांवर आणि गॅरेजांमध्ये त्याची चर्चा रंगू लागली. मात्र ज्या गोष्टीकडे कॅमेरा सहसा वळत नाही, त्या गोष्टीवरच या साऱ्या खेळाचे यश आणि इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे बॉनेटखालून जाणारी बोटाएवढ्या जाडीची पेट्रोलची नळी.

नायट्रसची बाटली, तिची तोटी, तिची वायरिंग यांवर हौशी मंडळी भरपूर वेळ खर्च करतात. इंधनाची जोडणी मात्र 'एक टी मारली की झाले' अशा समजुतीने उरकली जाते. जळालेल्या पिस्टनची कारणे शोधू लागले, की बोट वारंवार याच जोडणीकडे वळते. ही जोडणी नेमकी काय करते, ती कोठून घ्यायची आणि तपासायची कशी, हे समजून घेण्यासाठी आधी नायट्रसचे काम पाहावे लागेल.

हसवणारा वायू इंजिनात कसा आला?

नायट्रस ऑक्साइड हा वायू जोसेफ प्रिस्टले या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७२ मध्ये प्रथम तयार केला. पुढे हम्फ्री डेव्हीने त्याचे गुंगी आणणारे, हसू आणणारे गुण नोंदवले आणि दंतवैद्यांनी तो भूल देण्यासाठी वापरला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने त्याला वेगळेच काम दिले. फार उंचावर हवा विरळ होते आणि विमानाच्या इंजिनाची ताकद घटते. ती भरून काढण्यासाठी 'जीएम-१' नावाच्या यंत्रणेतून इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडला जाई. युद्धानंतर अमेरिकेतील शर्यतीच्या शौकिनांनी ही कल्पना जमिनीवर आणली. १९७६ च्या डेटोना ५०० शर्यतीच्या पात्रता फेरीत लपवलेल्या नायट्रसमुळे काही वेळा रद्द ठरवण्यात आल्या, तेव्हा या वायूचा मोठाच गाजावाजा झाला. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात 'नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स' ही कंपनी स्थापन झाली. तिच्या आद्याक्षरांतूनच 'नॉस' हे नाव रूढ झाले.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. नायट्रस ऑक्साइड हे इंधन नव्हे. तो स्वतः जळत नाही. तो जळायला मदत करतो. या वायूच्या वजनातील सुमारे ३६ टक्के भाग ऑक्सिजनचा असतो. हवेत हे प्रमाण वजनाने सुमारे २३ टक्के भरते. सिलिंडरमधील उष्णतेने नायट्रसचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय द्रवरूप नायट्रस बाहेर पडताच उणे ८८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतो आणि आत येणारी हवा गार करतो. गार हवा दाट असते, म्हणजे पुन्हा ऑक्सिजन अधिक. मात्र जादा ऑक्सिजनाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्याच्यासोबत जाळायला जादा पेट्रोल असते. बाटली केवळ दार उघडते. ताकद पेट्रोलच देते.

पेट्रोल कमी पडले तर?

चुलीवर फुंकर घातली, की निखारा लालभडक होतो. इंजिनातही तसेच घडते. रासायनिक हिशेबाने एक किलो पेट्रोल पूर्ण जाळण्यासाठी सुमारे ९.६ किलो नायट्रस लागतो. प्रत्यक्षात शर्यतीची यंत्रणा बसवणारे तज्ज्ञ पेट्रोलचे प्रमाण या हिशेबापेक्षा बरेच अधिक ठेवतात, कारण जादा पेट्रोल ज्वलनाची उष्णता आटोक्यात ठेवते. हेच प्रमाण उलट झाले, म्हणजे नायट्रस पुरेसा आणि पेट्रोल अपुरे, तर सिलिंडरमधील तापमान झपाट्याने चढते. ठिणगी पडण्याआधी किंवा पडल्यानंतर मिश्रणाचे अवेळी स्फोट होऊ लागतात. स्पार्क प्लगची टोके वितळतात, पिस्टनची कड खाल्ली जाते, शेवटी पिस्टनला भोक पडते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियमही ६६० अंशांना वितळते, हे लक्षात घेतले म्हणजे काही सेकंदांत इंजिन का हातचे जाते ते कळते. पेट्रोल थोडे जास्त झाले, तर ताकद थोडी घटते. पेट्रोल कमी झाले, तर इंजिन जाते. या क्षेत्रातील सर्व नियम या एका वाक्यातून निघाले आहेत.

ओली आणि कोरडी पद्धत

जादा पेट्रोल देण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. 'कोरड्या' पद्धतीत नोझलमधून केवळ नायट्रस सोडतात आणि जादा पेट्रोल गाडीच्या मूळ इंजेक्टरांकडूनच घेतात. त्यासाठी इंधनाचा दाब वाढवतात किंवा संगणकाला इंजेक्टर अधिक काळ उघडे ठेवायला सांगतात. 'ओल्या' पद्धतीत एकाच नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही येतात. त्यासाठी गाडीच्या इंधनवाहिनीतून एक स्वतंत्र फाटा काढून तो विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपेपर्यंत, म्हणजे सोलेनॉइडपर्यंत, न्यावा लागतो. इंधनाच्या नळजोडणीचा खरा प्रश्न येथेच उभा राहतो.

ओल्या पद्धतीतही एक पथ्य असते. इंजेक्टर असलेल्या बहुतेक गाड्यांचे इनटेक मॅनिफोल्ड केवळ कोरडी हवा वाहून नेण्यासाठी घडवलेले असते. त्यातून पेट्रोलचे तुषार नेताना वळणावर ते साचू शकतात आणि कमी फेऱ्यांवर बटण दाबले, तर साचलेले पेट्रोल मॅनिफोल्डमध्येच पेट घेते. म्हणूनच नायट्रस फक्त ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना आणि इंजिनाने साधारण मिनिटाला ३,००० फेऱ्या ओलांडल्यावरच सुरू होईल, अशी स्विचची व्यवस्था करतात.

मस्टँगचे उदाहरण

हिशेब समजण्यासाठी एक ठोस उदाहरण घेऊ. १९८७ ते १९९२ या काळातील फोर्ड मस्टँग '५.० लिटर' ही अमेरिकेतील पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, ड्रॅग शर्यतींची लाडकी गाडी. तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची ताकद २२५ अश्वशक्ती. इंधनाचा दाब सुमारे ३९ पीएसआय. आपल्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा असते, त्याहून थोडा अधिक. अशा गाडीला १०० अश्वशक्तीची नायट्रस यंत्रणा बसवायची आहे, असे समजा.

पेट्रोल इंजिनांबाबत प्रचलित ठोकताळा असा, की एक अश्वशक्ती तासभर मिळवायला सुमारे अर्धा पौंड, म्हणजे २२७ ग्रॅम पेट्रोल लागते. या हिशेबाने मूळ इंजिनाला पूर्ण ताकदीवर तासाला सुमारे ५१ किलो, म्हणजे ६९ लिटर पेट्रोल हवे. नायट्रसच्या १०० अश्वशक्तीसाठी आणखी सुमारे २३ किलो, म्हणजे ३१ लिटर. बेरीज ताशी १०० लिटर. या मस्टँगमध्ये कारखान्यातून बसून येणाऱ्या पंपाची क्षमता ताशी सुमारे ८८ लिटर होती. म्हणजे मूळ इंजिनाला पुरून उरणारा पंप नायट्रसचे बटण दाबताच तोकडा पडतो. नळी कितीही उत्तम जोडली, तरी टाकीतून येणारे पेट्रोलच अपुरे असेल, तर ती जोडणी व्यर्थ. त्यामुळे जाणकार मंडळी बाटली विकत घेण्याआधी पंपाचा हिशेब मांडतात आणि गरज असेल, तर आधी मोठा पंप बसवतात.

अर्थात शर्यत तासभर चालत नाही. नायट्रस दहा-पंधरा सेकंदच वाहतो. पण त्या दहा सेकंदांत पंप तोकडा पडला, तर इंधनाचा दाब घसरतो. जेटच्या भोकातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब ३९ वरून ३१ वर आला, म्हणजे २० टक्क्यांनी घसरला, तर पेट्रोल सुमारे ११ टक्क्यांनी घटते. बाटलीतला नायट्रस मात्र पूर्वीच्याच जोराने वाहत राहतो. त्या ११ टक्क्यांतच पिस्टनचे भवितव्य दडलेले असते.

फाटा काढायचा कोठून?

जोडणीतील पहिला निर्णय हा. मस्टँगसारख्या जुन्या गाड्यांत टाकीतून येणारे पेट्रोल इंजेक्टरांना पुरवणाऱ्या आडव्या नळीत, म्हणजे फ्युएल रेलमध्ये येते. तेथून उरलेले पेट्रोल रेग्युलेटरमधून जाऊन परतीच्या नळीने टाकीत जाते. फाटा नेहमी रेग्युलेटरच्या आधीच्या, दाबाच्या बाजूने काढावा लागतो. परतीच्या नळीत दाब जवळजवळ नसतोच. दोन नळ्या दिसायला सारख्या असल्याने ही चूक अगदी सोपी आहे आणि तिचे फळ पहिल्याच धावेत मिळते.

या मस्टँगच्या रेलवर दाब मोजण्यासाठी टायरच्या व्हॉल्व्हसारखे एक तोंड दिलेले असते. त्यातील आतली सुई काढून त्या जागी ॲडॉप्टर बसवला, की फाट्याची सोय होते आणि मूळ नळी कापावी लागत नाही. सुई आतच राहू दिली, तर प्रवाहाला अडथळा होतो. ज्या गाड्यांना असे तोंड नसते, त्यांच्यात फिल्टर आणि रेल यांच्या दरम्यान 'टी' बसवतात. कार्बोरेटरच्या गाडीत दाब जेमतेम ५ ते ७ पीएसआय असतो. तेथे पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये फाटा काढून बहुधा नायट्रससाठी स्वतंत्र रेग्युलेटर लावतात. इतक्या कमी दाबात दोन पीएसआयची घटही जीवघेणी. सहाचा दाब चारवर आला, की पेट्रोल १८ टक्क्यांनी कमी होते.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत परतीची नळी इंजिनापर्यंत येतच नाही. दाब टाकीपाशीच सांभाळला जातो. तेथे फाटा मुख्य पुरवठा नळीवरच काढावा लागतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत तर अधिक सावधगिरी हवी. त्यांच्या यांत्रिक पंपापुढील नळीत शेकडो पटींत वातावरणीय दाब असू शकतो. त्या नळीला कधीही हात लावू नये; फाटा पंपाच्या आधीच्या कमी दाबाच्या बाजूनेच घ्यावा, हा दंडक.

नळ्या, आटे आणि एक चुकीचा टेप

या जोडणीत 'एएन' मापाच्या नळ्या वापरतात. अमेरिकेच्या लष्कर आणि नौदलाने विमानांसाठी ठरवलेले हे माप. 'उणे चार' म्हणजे नळीचा बाहेरील व्यास इंचाच्या सोळाव्या भागाच्या चार पट, अर्थात पाव इंच; 'उणे सहा' म्हणजे ३/८ इंच. सोलेनॉइडपर्यंतच्या फाट्यासाठी पाव इंची नळी पुरते. ताकद मोठी असेल, तर जाड नळी घेतात. पेट्रोलच्या बाजूला लाल आणि नायट्रसच्या बाजूला निळ्या जोडण्या वापरण्याचा प्रघात आहे. अंधाऱ्या बॉनेटखाली तो फार उपयोगी पडतो.

एएन जोडणीची खुबी तिच्या ३७ अंशांच्या तिरप्या तोंडात आहे. दोन तिरपी तोंडे एकमेकांवर घट्ट बसतात आणि गळती थांबते. आटे केवळ त्यांना दाबून धरतात. साध्या मोटारींत ४५ अंशांच्या तोंडाच्या जोडण्याही आढळतात. काही मापांत आटे जुळतात, पण तोंडे जुळत नाहीत आणि पेट्रोल झिरपत राहते. दुसऱ्या प्रकारच्या, निमुळत्या पाइप आट्यांत मात्र आट्यांमध्येच गळती रोखावी लागते. तेथे पेट्रोलला टिकणारी पेस्ट बेताने लावतात. आपल्या घरच्या नळाला प्लंबर जो पांढरा टेफ्लॉन टेप गुंडाळतो, तो येथे वर्ज्य. त्याचा बारीकसा तुकडा सुटला, तर सोलेनॉइडच्या झडपेत किंवा जेटमध्ये अडकतो. जेटचे भोक इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. इतक्या बारीक वाटेत एक धागाही पेट्रोल अडवायला पुरतो.

याच कारणाने फाटा आणि सोलेनॉइड यांच्यामध्ये बारीक जाळीचा फिल्टर हवा. नवी नळी कापल्यावर आत रबराचे आणि तारांचे कण राहतात, त्यामुळे बसवण्याआधी ती आतून स्वच्छ करून फुंकून घेतात. सोलेनॉइडवर 'आत' आणि 'बाहेर' अशा खुणा असतात. आत येणारा दाबच झडप बंद धरून ठेवतो. नळ्या उलट जोडल्या, तर तोच दाब झडप उचलतो आणि बटण न दाबताही पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये गळू लागते. नायट्रसचा सोलेनॉइड पेट्रोलसाठी वापरणेही चूक, कारण दोन्हींतील सीलचे साहित्य वेगळे असते.

नळीचा मार्गही विचारपूर्वक आखावा लागतो. एक्झॉस्टच्या तप्त नळ्यांपासून, फिरत्या पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून ती दूर असावी. पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट हवे, ठरावीक अंतरावर क्लिपा हव्यात. इंजिन आपल्या रबरी आधारांवर हलते, म्हणून नळीला थोडी ढील द्यावी लागते; ताणून बसवलेली नळी जोडणीपाशी फाटते. सोलेनॉइड नोझलच्या शक्य तितका जवळ असावा. नाहीतर बटण दाबल्यावर नायट्रस आधी पोहोचतो आणि पेट्रोल वाटेतच राहते.

काम सुरू करण्यापूर्वी

इंजिन बंद असले, तरी इंधनवाहिनीत दाब शिल्लक असतो. तो सोडवल्याशिवाय जोडणी सैल केली, तर पेट्रोलचा फवारा थेट तोंडावर आणि गरम इंजिनावर उडतो. मस्टँगच्या डिकीत अपघात झाल्यास पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. त्याची जोडणी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, की दाब उतरतो. इतर गाड्यांत पंपाचा फ्यूज काढून हेच करतात. त्यानंतर बॅटरीची ऋण तार काढायची, इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचे आणि जोडणीखाली कापड धरूनच पाना फिरवायचा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, गॅरेजच्या खड्ड्यात साचते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. काम मोकळ्या हवेत करणे, हाताशी कोरड्या पावडरचे किंवा फेसाचे अग्निशामक ठेवणे आणि जवळपास कोणालाही सिगारेट पेटवू न देणे, या किमान अटी आहेत. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतणे म्हणजे आग पसरवणे.

बाटली बंद, परीक्षा सुरू

जोडणी झाल्यावर तिची परीक्षा नायट्रसशिवाय घेतात. प्रथम बॅटरी जोडून, इंजिन सुरू न करता किल्ली फिरवतात. पंप काही क्षण चालतो आणि वाहिनीत दाब भरतो. मग प्रत्येक जोडणीवर कोरडा पांढरा कागद फिरवून ओल शोधतात.

दुसरी परीक्षा अधिक बोलकी. बाटली पूर्ण बंद ठेवून, इंजिन सुरू करून फक्त पेट्रोलचा सोलेनॉइड क्षणभर उघडतात. जादा पेट्रोलने इंजिन गुदमरले पाहिजे, फेऱ्या घसरल्या पाहिजेत. काहीच बदल झाला नाही, तर पेट्रोल पोहोचतच नाही असे समजावे आणि तेथेच थांबावे.

तिसरी परीक्षा मोजमापाची. नोझल काढून जेटसह नळी धातूच्या भांड्यात सोडतात आणि सोलेनॉइड दहा सेकंद उघडतात. मस्टँगच्या उदाहरणात १०० अश्वशक्तीसाठी मिनिटाला सुमारे अर्धा लिटर, म्हणजे दहा सेकंदांत सुमारे ८५ मिलिलिटर पेट्रोल जमा व्हायला हवे. त्याच वेळी दाबाच्या काट्यावर नजर ठेवतात. झडप बंद असताना दिसणारा दाब आणि पेट्रोल वाहत असतानाचा दाब यांत फरक असतो. जेटची निवड वाहत्या दाबावरूनच करायची असते. बंद नळाचा दाब पाहून टाकी भरण्याचा वेळ काढता येत नाही, हे पाण्याची वाट पाहणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे.

याशिवाय इंधनाच्या वाहिनीवर दाबावर चालणारा एक सुरक्षा स्विच लावतात. दाब ठरावीक पातळीखाली गेला, की तो नायट्रसचा प्रवाह तोडतो. सबंध यंत्रणेच्या किमतीत त्याचा वाटा नगण्य, पण इंजिन वाचवण्याचे काम तोच करतो. ठिणगीची वेळ प्रत्येक ५० अश्वशक्तीमागे साधारण दोन अंश मागे घेणे आणि थंड प्रकारचे स्पार्क प्लग लावणे, हेही सोबतच करायचे असते.

महाराष्ट्राच्या उन्हात, देशाच्या पेट्रोलवर

परदेशी संचासोबत येणारे जेटचे तक्ते तेथील हवामान आणि इंधन गृहीत धरून केलेले असतात. आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली उष्मा. बाटलीतील नायट्रस द्रवरूपात असतो आणि ९०० ते १,००० पीएसआय दाब त्याला मानवतो. ३६.४ अंश सेल्सियस हे त्याचे क्रांतिक तापमान. त्यापुढे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही आणि दाब वेगाने चढतो. विदर्भातील मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी हे तापमान सहज ओलांडते. तेव्हा नायट्रसचा प्रवाह तक्त्याप्रमाणे राहत नाही, पेट्रोलचा मात्र राहतो. दोन्हींचा मेळ बिघडतो. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींच्या नियमांनुसार बाटली १,८०० पीएसआयच्या मान्यताप्राप्त शिक्क्याची आणि गाडीत पक्की बसवलेली असावी लागते, तर दाब सोडणाऱ्या चकतीची नळी चालकाच्या कक्षाबाहेर काढावी लागते. त्यामागचे कारण हा उष्माच.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. देशात २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वदूर पोहोचले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळायला १४.७ भाग हवा लागते. २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ भागच. म्हणजे तेवढ्याच ऑक्सिजनला इंधन अधिक हवे. दहा टक्के इथेनॉलवर बेतलेला तक्ता येथे जसाच्या तसा वापरला, तर मिश्रण सुमारे चार टक्क्यांनी इंधनाला तोकडे पडते. शिवाय जुन्या रबराच्या नळ्या इथेनॉलने फुगतात आणि भेगाळतात. त्यामुळे फाट्याची नळी आणि सील इथेनॉलला टिकणारेच घ्यावे लागतात.

रस्त्यावर नव्हे

हा सारा खटाटोप बंदिस्त धावपट्टीसाठीच आहे. लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरल्या आहेत. अशा ठिकाणी तपासणी, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची व्यवस्था असते. सार्वजनिक रस्त्यावर यातले काहीच नसते. तेथे समोरून शाळेचा रिक्षावाला येत असतो.

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. दाबाखालील वायूच्या बाटल्यांना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात आणि त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. न कळवता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो, हे वेगळेच.

नायट्रसचे आकर्षण समजण्यासारखे आहे. टर्बोचार्जरच्या तुलनेत खर्च थोडा, परिणाम तत्काळ. मात्र या स्वस्ताईची किंमत काटेकोरपणाने चुकवावी लागते. अनुभवी मिस्त्री अशी गाडी पाहायला आला, की निळ्या बाटलीकडे नंतर बघतो. आधी तो बॉनेट उघडतो, लाल जोडण्यांवरून बोट फिरवतो आणि ते हुंगतो. पेट्रोलचा वास आला, तर किल्ली मालकाला परत देतो.